मुलगी खोटं बोलत नाही

नगरला सावेडीतल्या त्या चार मजली इमारतीत आमची खोली जिन्याखाली होती. वॉचमनसाठी म्हणूनच बांधलेली. एका बाजूचं छत तिरकं, त्यामुळं निम्म्या खोलीत उभं राहता यायचं आणि निम्म्या खोलीत फक्त बसता. वरून कुणी उतरलं की पावलं आधी आमच्या डोक्यावरून जायची. वर्षभरात मी नुसत्या पावलांवरून माणसं ओळखायला लागले. तिसऱ्या मजल्यावरचे बँकेतले काका प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे, त्यांची नात शेवटच्या तीन पायऱ्या उडी मारून संपवायची. सकाळी पाण्याची मोटर चालू करायचं काम माझ्याकडं होतं. मोटर आधी कोरडी घरघरायची, पाणी चढलं की आवाज जाड व्हायचा आणि टाकी भरत आली की पुन्हा पातळ. त्या आवाजाबरोबर मी तोंडातल्या तोंडात काहीबाही बोलत राहायची, कारण खोलीत बोलायला कुणी नव्हतं. आई मी चौथीत असताना काविळीनं गेली होती. राहिलो मी आणि माझे वडील, अण्णा. आणि अण्णांना आवाज नव्हता.

ज्यांनी खर्डा-जामखेड भागात त्या काळी आठवडे बाजार केला असेल त्यांना हे खरं वाटणार नाही. रिक्षाच्या टपावर भोंगा बांधून बाजाराच्या गर्दीतून बोलत फिरणारा माणूस म्हणजे अण्णा. साड्यांचा सेल, कुस्त्यांचा फड, कीर्तन, हरवलेलं पोर, कुणाच्या दहाव्याचं बोलावणं, सगळं त्यांच्या तोंडून गावाला कळायचं. लिहून दिलेलं ते कधी वाचायचे नाहीत. "लोकांनो, उद्या येतो म्हणू नका! उद्या दुकान हितंच असंल, पर भाव हितं नसंल!" असं ते जागेवर जुळवायचे. सुट्टीत मी त्यांच्याशेजारी रिक्षात बसायची. शाळेतल्या मुली मला 'भोंगा' म्हणून चिडवायच्या. पुढं तेच नाव मी स्वतःला लावलं आणि महाराष्ट्रभर पोस्टरवर छापून आलं, पण तेव्हा मला त्याचं रडू यायचं. अण्णा म्हणायचे, "रूपे, भोंगा लई मोठी गोष्ट हाय. फकस्त दम राखायचा. वाक्य संपल्यावर श्वास घेतला तर लोकं दुसरीकडं बघत्यात. संपायच्या आधीच चोरून घ्यायचा." मला कुणी गुरू विचारला की मी हल्ली हेच सांगते, आणि मुलाखत घेणारी मुलं हसतात. त्यांना वाटतं मी विनोद करतेय.

अण्णांच्या गालात कायम तंबाखूचा बार असायचा. आधी आवाज बसला, मग गिळताना दुखायला लागलं, आणि नगरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं तेव्हा स्वरयंत्र काढण्यावाचून इलाज राहिला नव्हता. ऑपरेशननंतर त्यांच्या गळ्याला खाली एक भोक राहिलं, त्यातून ते श्वास घ्यायचे. त्यावर मी जाळीच्या कापडाची छोटी झालर शिवून बांधायची. तपासणीला सारखं यावं लागणार म्हणून आम्ही नगरला आलो, आणि गावच्या एका ओळखीनं हे वॉचमनचं काम मिळालं. गेट उघडायला आवाज लागत नाही, असं ओळख देणारा म्हणाला होता. अण्णा त्यावर हसले होते.

नाकातून श्वास जात नाही म्हणून त्यांना वास येईनासा झाला होता. एकदा दूध उतू जाऊन करपलं, पार पार्किंगपर्यंत वास गेला, आणि अण्णा चुलीशेजारी पेपर वाचत बसलेले. चहा फुंकून गार करता यायचा नाही, म्हणून मी तो दोन पेल्यांत वरखाली करून द्यायची. आठवड्यातून एकदा मी हुलग्याचे शेंगोळे करायची, त्यांच्यासाठी जास्त शिजवून, अगदी मऊ, लसूण भरपूर. लसणाचा वास येत नसताना त्यांना शेंगोळे कसे लागत असतील, हे मी कधी विचारलं नाही. ते ताटली पुसून खायचे आणि शाळेच्या पाटीवर लिहायचे, "आईसारखे झाले." दर वेळी हेच. आमचं सगळं बोलणं त्या पाटीवर चालायचं. मी बोलायची, ते लिहायचे. हळूहळू मीही कमी बोलायला लागले, कारण माझं पटकन संपायचं आणि त्यांचं लिहून होईपर्यंत मला नुसतं बसून राहावं लागायचं. त्या बसून राहण्यात मला कधी कधी त्यांचा राग यायचा. हा एवढाच राग मला त्यांचा आला. तो इथं लिहून ठेवते, पुढं त्याचं काय झालं ते कळावं म्हणून.

कॉलेजात मैत्रिणी झाल्या नाहीत. वर्गातल्या दोघी आमच्याच इमारतीत राहायच्या. मी त्यांच्या गाड्यांसाठी गेट उघडलेलं असायचं. त्या वाईट नव्हत्या, पण वर्गात आम्ही एकमेकींना ओळख द्यायची की नाही हे कुणालाच कळायचं नाही. मग मी शेवटच्या बाकावर वहीत लिहीत बसायची. मोबाईलवर मुंबईच्या पोरांचं रॅप ऐकलं आणि पहिल्यांदा वाटलं, हे तर अण्णांचं काम आहे. न थांबता बोलायचं, यमक जागेवर जुळवायचं, दम राखायचा. झेंडी गेटजवळ इरफानचं साउंड दुरुस्तीचं दुकान होतं. अण्णांचा जुना ॲम्प्लिफायर विकायला गेले तेव्हा त्याची ओळख झाली. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, शांत. दुकानामागच्या खोलीत त्यानं भिंतींना जुन्या गाद्या ठोकून रेकॉर्डिंगची जागा केली होती. मी दोन ओळी म्हणून दाखवल्या. तो म्हणाला, "आवाज कुठून आणला एवढा?" मी म्हणाले, "घरात पडून होता."

दोन वर्षांत आम्ही सात गाणी टाकली. गेटवर, मोटरवर, रिक्षावर, आईवर. ती बारा-पंधरा जणांनी ऐकली असतील, त्यातला एक इरफान. अण्णा कानाला मोबाईल लावून प्रत्येक गाणं ऐकायचे आणि पाटीवर चुका लिहायचे. मग मोबाईलवरच्या एका मोठ्या स्पर्धेसाठी मी गाणं पाठवलं आणि मुंबईहून एका बाईंचा फोन आला. आवाज गोड होता. त्यांनी माझी सगळी माहिती विचारली. मी सांगितली. त्या म्हणाल्या, "आई नाही, वडील वॉचमन, छान आहे. पण बघ ना, तुझ्या गाण्यात सगळं उदास आहे. रॅपमध्ये राग लागतो. तुला राग कशाचा येतो?" मला पाटीसमोर बसून येणारा तेवढाच राग आठवला, तो काही सांगण्यासारखा नव्हता. त्या म्हणाल्या, "विचार कर. फायनलसाठी काहीतरी आतलं दे. जे कुणाला सांगितलं नाहीस ते."

माझ्याजवळ न सांगितलेलं असं काहीच नव्हतं. जिन्याखाली बसून पावलं ऐकणं, हे काय सांगायचं? तीन दिवस मी वही घेऊन बसले. चौथ्या दिवशी एक ओळ आली, ती यमकाच्या ओढीनं आली आणि मागून बाकीच्या घेऊन आली:

बाप बाटलीत बुडत गेला, घसा आतून सडत गेला,
तरी पट्टा पाठीवर पडत गेला, मी मोजत गेले, तो झोडत गेला.

ओळी चांगल्या होत्या. आजही, एक कारागीर म्हणून, मला त्या चांगल्याच वाटतात. मी तासाभरात सगळं गाणं लिहून काढलं आणि इरफानकडं गेले. त्यानं ऐकलं आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"अण्णा पितात?"

"नाही रे. गाणं आहे ते."

"मग गाण्यात अण्णा कशाला?"

"अण्णा कुठं आहेत? बाप आहे नुसता. कुणाचाही."

"घसा कुणाचाही नसतो, रूपाली," तो म्हणाला. पण त्यानं मशीन लावलं. त्या दिवशी त्यानं चहा सांगितला नाही.

फायनल मुंबईत एका मोठ्या स्टुडिओत झाली. इतका उजेड होता की समोरची माणसं दिसतच नव्हती, नुसते आवाज येत होते. मी गाणं म्हटलं. शेवटी माणसं उठून उभी राहिल्याचा, खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. सूत्रसंचालक माझ्याजवळ आला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्यानं विचारलं, "भोंगा, हे सगळं तू सोसलंयस?"

गाणं खोटं असू शकतं. गाण्याला कुणी शपथ घालत नाही. तिथं "नाही, हे रचलेलं आहे" एवढंच म्हणायचं होतं, मला अडवायला कुणी नव्हतं. मी मान हलवली. होय अशी.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ते गाणं लग्नाच्या डीजेवर सोडून बाकी सगळीकडं वाजलं. मी पुण्यात एका फ्लॅटवर राहायला गेले, आज इथं कार्यक्रम, उद्या तिथं. रिक्षावाले पैसे घेईनात. मुली मिठी मारून रडायच्या. आणि कार्यक्रम संपला की हॉटेलच्या खोलीत मी टीव्ही चालू करून ठेवायची, कोणीतरी बोलत असावं म्हणून. अण्णांना रोज फोन करायची. आमची फोनची एक पद्धत होती. ते फोन उचलायचे, मी बोलायची आणि ते नखानं फोनवर टकटक करायचे. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. मधे त्यांच्या गळ्यातून येणारा श्वास ऐकू यायचा. फायनलनंतरच्या पहिल्याच फोनमध्ये मी विचारलं, "जेवलात?" टक. "गोळ्या घेतल्या?" टक. "गाणं ऐकलं?" थोड्या वेळानं, टक. "आवडलं का, अण्णा?"

नुसता श्वास येत राहिला. मी वाट पाहिली. मग त्यांनी फोन ठेवला. मी स्वतःला सांगितलं की रेंज गेली असेल.

मग तीन दिवस त्यांनी फोन उचलला नाही आणि चौथ्या दिवशी इरफानचा आला. "अण्णा गेटवर नाहीत. दुसराच माणूस उभा हाय." तो इमारतीत जाऊन चौकशी करून आला होता. सोसायटीतल्या लोकांनी गाणं पाहिलं होतं. वाईट माणसं नव्हती ती, पुन्हा सांगते. ज्यांच्या घरी शाळकरी मुली होत्या त्यांना भीती वाटली. त्यांनी अण्णांना खुर्ची देऊन बसवलं आणि चेअरमननी विचारलं, "मामा, आम्ही तुम्हाला कधी पिताना पाहिलं नाही. हे खरं आहे का? नसेल तर तसं लिहून द्या, आमची काही हरकत नाही." अण्णांनी पाटी मांडीवर घेतली. मग लिहिलं.

"काय लिहिलं?" मी विचारलं.

इरफान म्हणाला, "मुलगी खोटं बोलत नाही."

त्याच संध्याकाळी अण्णांना काम सोडावं लागलं होतं आणि ते गावी बहिणीकडं गेले होते. मी जामखेडच्या एसटीत बसले आणि तिथून जीपनं खर्ड्याला गेले. तोंडाला ओढणी बांधून, कारण लोक ओळखायला लागले होते. किल्ल्याच्या अलीकडं आत्याचं घर, अण्णांची मोठी बहीण, एकटीच राहायची. अण्णा ओसरीवर बाजेवर बसून शेळीच्या पिल्लाला पाला घालत होते. मला पाहून त्यांनी बाजूला सरकून जागा केली. आत्या मात्र आतून विळी घेऊनच बाहेर आली, भाजी चिरत असावी.

"आली व्हय गं? टीव्हीवाली? माझ्या भावानं आयुष्यात दारूच्या दुकानाची पायरी चढली न्हाई. तुजी आई मेली तर ह्यानं दुसरी केली न्हाई, का, तर पोरीला सावत्र आई नको. अन् तू त्याला मारकुटा केला? गावात बाया मला इचारत्यात, तुमचा आण्णा मारीत व्हता व्हय पोरीला. काय सांगू मी? सांग की! लई बोलती ना तू?"

अण्णांनी आत्याला हातानं गप्प केलं आणि पाटी घेतली. मला वाटलं, आता. जे काही असेल ते आता येऊ दे. त्यांनी लिहिलं, "दुसऱ्या कडव्यात दम पुरत नाही. झोडत गेला च्या आधी श्वास चोर."

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. "अण्णा, रागवा ना," मी म्हणाले. "मारा मला." ते ऐकून त्यांना हसू आलं. आवाज नाही, नुसते खांदे हलले. आत्याही हसली आणि लगेच तिला हसल्याचा राग आला, म्हणून आत निघून गेली.

पंधरा दिवसांनी नगरला कॉलेजच्या मैदानावर माझा कार्यक्रम होता. मी ठरवलं होतं. संध्याकाळची वेळ, मैदान भरलेलं, इरफान साउंडवर. लोक पहिल्यापासून त्याच गाण्यासाठी ओरडत होते. मी संगीत बंद करायला सांगितलं आणि माईकमध्ये म्हणाले, "ते गाणं खोटं आहे. माझे वडील पीत नव्हते. त्यांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही. मी खोटं बोलले." मग मागून एक पोरगा ओरडला, "ताई, घाबरू नको, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत!" आणि टाळ्या सुरू झाल्या. सगळ्यांना वाटलं, बापानं दमदाटी करून हे बोलायला लावलंय. मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं सांगितलं. जितकं मोठ्यानं सांगितलं तितक्या टाळ्या वाढल्या. शेवटी त्यांनी स्वतःच ते गाणं म्हणायला सुरुवात केली, हजारो माणसांनी, मी माईक खाली धरून उभी असताना. इतकी एकटी मी जिन्याखालीही नव्हते.

त्यानंतर मी ते गाणं म्हणायचं सोडलं आणि इरफाननं ते आमच्या चॅनलवरून काढलं. पण लोकांनी उतरवून घेतलेलं होतंच, ते काही थांबलं नाही. मी कार्यक्रम कमी केले आणि महिन्यातले बरेच दिवस खर्ड्याला राहायला लागले. आत्या माझ्याशी हळूहळू बोलायला लागली, आधी शेळ्यांबद्दल, मग भाकरीबद्दल.

अशाच एका दुपारी अंगणात एक मुलगी येऊन उभी राहिली. वीस-एकवीसची, कॉलेजची पिशवी खांद्याला. पाथर्डीकडून दोन गाड्या बदलून आली होती. मी कुठं भेटेन याची विचारपूस करत करत पोचली होती. आत्यानं तिला पाणी दिलं. ती ओसरीच्या कडेला टेकली. मग म्हणाली, "ताई, माझे वडील रोज मारायचे. आईला, मला. मला वाटायचं आपल्याच घरात असं हाय, सांगायचं कुणाला. तुमचं गाणं आलं अन् मी रडले. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन मामाकडं निघून आले. आता आई पतसंस्थेत कामाला हाय. मी नर्सिंगला लागले." तिनं माझे हात धरले. "तुम्ही सोसलं अन् बोलला, म्हणून आम्ही वाचलो. नगरला तुम्हाला माघार घ्यायला लावली ते मी पाहिलं. म्हणून आले. म्हणलं, सांगावं, की आम्हाला ठाऊक हाय खरं काय ते."

अण्णा तीन हात अंतरावर बाजेवर बसले होते. ते सगळं ऐकत होते. मी तोंड उघडलं. शब्द तयार होते, नगरच्या मैदानावरचेच. आत्या दारात उभी होती, तिनंही माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडून निघालं, "जेवून जा." एवढंच.

तिनं भाकरी आणि पिठलं खाल्लं. निघताना वयस्कर माणूस म्हणून ती अण्णांच्या पाया पडली. ते कोण, हे तिला माहीत नव्हतं. गळ्याची झालर बघून तिला आजारी कुणीतरी नातेवाईक वाटले असावेत. अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. ती रस्त्याला लागेपर्यंत तिच्याकडं बघत राहिले. मग पाटी घेऊन लिहिलं, "राहू दे."

"काय राहू दे?" मी विचारलं, मला कळलं होतं तरी.

त्यांनी पुसून पुन्हा लिहिलं, "गाणं राहू दे. तिच्या उपयोगाचं आहे. मला काय त्याचं."

आत्या म्हणाली, "तुला काय त्याचं? तुजं नाव गेलं ना!" अण्णांनी पाटी बाजूला ठेवली आणि शेळीच्या पिल्लाला हाक मारावी तशी चुटकी वाजवली.

ते असेपर्यंत मी त्यांचं ऐकलं. कुठंही खुलासा केला नाही. ते गेले तेव्हा कुणीतरी लिहिलं की व्यसनी बापाच्या छायेतून वर आलेल्या गायिकेला पितृशोक. मी तेही राहू दिलं. आमच्या धंद्यात पस्तिशी म्हणजे म्हातारपणच. त्या वयाला पोचल्यावर हे पुस्तक लिहायला घेतलं आणि या प्रकरणापाशी वर्षभर थांबून राहिले. आत्या म्हणते, लिही. इरफान म्हणतो, आधी तिला विचार.

ती मुलगी आता बीडला एका दवाखान्यात नर्स आहे. दर दिवाळीला तिचा फोन येतो. हे प्रकरण छापायला देण्याआधी मी तिला वाचायला पाठवलं. तिनं ते उघडलंय, हे मोबाईलवर दिसतं. त्याला आज नऊ दिवस झाले. तिचा फोन अजून आलेला नाही.